दिव्यांचं काय?
समुद्री कासवं जिथे अंडी घालतात त्या किनाऱ्यावरचे रिसॉर्टवाले झाडं लावतात, प्लास्टिक टाळतात, मग त्यांना विरोध कशाला, असं काहीजण विचारतात. ते चांगलंच आहे. पण कासवांचा घात होतो तो रात्रीच्या दिव्यांनी. वाळूतून बाहेर आलेली पिल्लं सगळ्यात उजळ क्षितिजाकडे धावतात. काळोख्या किनाऱ्यावर ते समुद्राचं असतं, झगमगत्या किनाऱ्यावर हॉटेलचं! तिकडे भरकटलेली पिल्लं उन्हात सुकून मरतात, नाहीतर कुत्र्या-पक्ष्यांच्या तोंडी जातात. विणीच्या हंगामात समुद्राकडचे दिवे बंद ठेवा. लागतीलच ते खाली वळवलेले, झाकलेले, अंबर म्हणजे पिवळसर-नारिंगी रंगाचे. कासवांच्या वाटेत येणाऱ्या वाळूवरच्या आरामखुर्च्या रात्री उचला. एवढं पाहुण्यांना सांगितलं तर ते आनंदाने ऐकतील, असं मला मनापासून वाटतं. किनाऱ्यालगतच्या काँक्रीटच्या भिंतीला मात्र परवानगी नकोच. भिंतीशी अडलेली मादी कित्येकदा अंडी न घालताच परत फिरते.