सल्ला हवा: भाऊ-भावजय शिडाच्या बोटीने घरी यायला निघालेत, श्रीलंकेत गॉलला पाच दिवस मुक्काम, काय काय पाहावं?

प्रतापनगरची_ताई
नमस्कार मंडळी, सल्ला पाहिजे आणि जरा लवकर पाहिजे. माझा धाकटा भाऊ आणि भावजय मलेशियातल्या लंकावी बेटावरून निघालेत, स्वतःची शिडाची बोट आहे, जुनी, ३६ फुटी, दोन वर्षांपूर्वी तिकडेच घेतली आणि तिच्यावरच राहत होते. बोटीवर दोघंच, तीन-तीन तासांच्या पाळ्या लावून चालवतात. श्रीलंकेतलं गॉल हजाराच्या वर सागरी मैल लांब, त्यातलं निम्मं झालंय. गॉलला पाच दिवस थांबून पाणी, डिझेल, भाजीपाला भरायचा, मग कोची, तिथल्या मरीनात बोट ठेवून रेल्वेने नागपूर. भर समुद्रात त्यांना नेट नाही, सॅटेलाइटवरून छोटे मेसेज तेवढे जातात, म्हणून शोधाशोध मी इथून करून थोडक्यात कळवणार आहे.

भावजयीला किल्ले, जुनी गावं, पायी फिरणं आवडतं. ती पूर्ण शाकाहारी आहे. भावाला काहीही चालतं.

आणि एक खास गोष्ट. आई ७४ वर्षांची आहे, समजायला लागल्यापासून दीक्षाभूमीवर जाते. तिथला बोधिवृक्ष अनुराधापूरहून आणलेल्या रोपांचा, त्यामुळे मूळ झाड एकदा डोळ्यांनी पाहावं अशी तिची फार इच्छा होती, आता गुडघे साथ देत नाहीत. ती म्हणाली, बाकी कुठे जा नका जाऊ, तिथे माझ्या नावाने हात जोडून या. नकाशा पाहिला तर पोटात गोळाच आला, गॉल अगदी दक्षिण टोकाला आणि अनुराधापूर पार उत्तरेकडे. बोट सोडून एवढं लांब जावं का? की आईची समजूत घालू?

फुटाळा_सायकलवाला
आम्ही गेल्या वर्षी टूरने सात दिवस केलं होतं, कँडी, नुवारा एलिया, एल्ला, सिगिरिया सगळं. सिगिरिया तर सोडूच नका, दगडावर चढायला बाराशेच्या आसपास पायऱ्या आणि वर राजा कश्यपाच्या राजवाड्याचे अवशेष, पाचव्या शतकातले. कँडीचं दंतमंदिर, बुद्धाचा दात ठेवलेलं, ते पण छान. पाच दिवसांत गाडी करून होऊन जाईल.

जहाजी_कामठी
ताई, मी २६ वर्षं मर्चंट नेव्हीत इंजिनरूमला होतो, त्या बाजूने किती वेळा गेलो मोजदाद नाही. वरच्या भाऊंचा प्लॅन विमानाने येणाऱ्याला ठीक, बोटीने येणाऱ्याला नाही, का ते सांगतो.

गॉलला बोट सरळ आत नाही घालता येत. बंदराबाहेर थांबून रेडिओवर कळवायचं, नेव्हीचे लोक बोटीवर येऊन पाहणी करतात, मग आत. कागदपत्रं एजंटमार्फत होतात, तो आधीच ठरवून ठेवा, लंकावीतून निघताना ठरवला असेल तर उत्तमच. पहिला दिवस बहुतेक यातच जाणार. आणि दहा दिवस तीन-तीन तासांच्या झोपेवर काढून माणूस जमिनीवर उतरला की जमीनच हलते बाप्पा, भिंतीला हात लावून उभं राहावं लागतं, अंघोळ करताना डोळे मिटले की तोल जातो. त्या अवस्थेत कोणी त्यांना गाडीत घालून घाटात नेऊ नका.

दुसरं, गॉलच्या आधी डोंड्रा हेड नावाच्या भूशिराच्या बाहेरून सगळी मोठी जहाजं जातात, सिंगापूरकडून सुएझकडे जाणारी सारी वाहतूक तिथून. त्यात रात्री मच्छीमारांच्या होड्या, बऱ्याच बिनदिव्याच्या. शेवटचे दोन दिवस दोघांनाही नीट झोप होणार नाही हे धरून चला. एक चांगली गोष्ट त्याच पट्ट्यात, डिसेंबर ते एप्रिल निळे देवमासे दिसतात. तिथल्या मिरिसा गावाहून लोक पैसे भरून बोटीने पाहायला जातात, यांना वाटेतच दिसू शकतात, सकाळी लांबवर फवारा दिसतो का बघत राहा म्हणा.

तिसरं म्हणजे पुढचा प्रवास. गॉलहून कोचीला जाताना मन्नारच्या आखातात ईशान्येचा वारा जोरात येतो, त्यामुळे निघायचा दिवस हवामान ठरवणार, आपण नाही. पाचवा दिवस रिकामा ठेवाच.

किल्लेवेडा_महाल
जहाजी काकांशी सहमत. वहिनींना किल्ले आवडतात ना, मग गॉलच पुरेसं आहे, दीड दिवस नुसता किल्ल्यात जातो. आधी पोर्तुगीज, १६४० मध्ये डचांनी घेतला, आताची तटबंदी मुख्यतः त्यांची, नंतर इंग्रज. आपल्या गडांसारखा ओसाड नाही, आत माणसं राहतात, शाळा, कोर्ट, मशीद सगळं चालू.

जुन्या दरवाज्याने आत जा. बाहेरच्या अंगाला इंग्रजांचं राजचिन्ह, आणि आत शिरून मागे वळून पाहिलं की डच कंपनीचं, त्यावर कोंबडा आणि १६६९ साल कोरलंय. बहुतेक लोक वळून पाहतच नाहीत. डच चर्च १७५५ चं, त्याच्या फरशीत थडग्यांचे दगड बसवलेत, त्यावरची अक्षरं पायाखाली वाचता येतात, कवट्या आणि हाडं कोरलेली आहेत. मग दुपारी झोप आणि संध्याकाळी पाच वाजता तटावरून पूर्ण फेरी, दीपगृह, फ्लॅग रॉक, घड्याळाचा मनोरा. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला क्रिकेटचं मैदान, मॅच असली तर लोक तटावर बसून बघतात. २००४ च्या त्सुनामीत हे मैदान आणि बाहेरचं गाव पाण्यात गेलं होतं, आतली वस्ती मात्र या भिंतींनी वाचवली. तटावर उभं राहून दोन्हीकडे पाहिलं की ते कळतं.

कोग्गलाकडे काठीवर बसलेले मच्छीमार फोटोचे पैसे मागतात, आधी विचारूनच कॅमेरा काढा.

इंदोरा_उपासिका
ताई, आईंची समजूत घालू नका, मी हात जोडून सांगते. मी आमच्या विहारातल्या बायकांसोबत दोनदा जाऊन आले. सम्राट अशोकाची मुलगी संघमित्रा बुद्धगयेच्या झाडाची फांदी घेऊन समुद्रातून श्रीलंकेला आली, ती फांदी अनुराधापूरला लावली, त्याला सव्वादोन हजार वर्षं होऊन गेली, आणि माणसाने लावलेलं, लागवडीची नोंद असलेलं एवढं जुनं झाड जगात दुसरं नाही म्हणतात. तुमचा भाऊ-भावजय पण समुद्रातूनच चाललेत. ते तिथे गेले नाहीत तर कोण जाणार?

झाड उंच ओट्यावर आहे, सोनेरी कठडा आहे, म्हाताऱ्या फांद्यांना खालून सोनेरी टेकू दिलेत. हात लावता येत नाही, खालच्या ओट्यावरूनच दर्शन. मी पहिल्यांदा गेले तेव्हा जाड खोडाची कल्पना करून गेले होते आणि प्रत्यक्षात एक बारीक, वाकलेली फांदी दिसली, टेकूवर रेललेली, आमच्या आजीसारखी. तिथेच बसले, अर्धा तास उठवेना. पान तोडायचं नाही, वाऱ्याने गळून पडलेलं मिळालं तर लोक कपाळाला लावून वहीत ठेवतात. आईंसाठी एखादं मिळालं तर पाहा.

पांढरे कपडे घालावेत, खांदे-गुडघे झाकलेले. चप्पल आणि टोपी बाहेर. दुपारी दगड असा तापतो की पाय टेकवत नाही, त्यामुळे पहाटे किंवा सूर्य कलल्यावर. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढायचा नाही, ते लोक फार मनाला लावून घेतात. बाहेर कमळं मिळतात, विकणारी बाई एकेक पाकळी मागे दुमडून देते, ते करताना पाहा नक्की. झाडापासून रुवनवेलीसाय स्तूप पायी जाण्यासारखा, पांढराशुभ्र, चारी बाजूंनी भिंतीत हत्ती. वेळ उरला तर जेतवनाराम स्तूप, तो नुसत्या विटांचा, पूर्वी १२२ मीटर उंच होता.

आणि पौर्णिमा कधी आहे ते पाहून घ्या. तिथे प्रत्येक पौर्णिमेला सुट्टी असते, अनुराधापूरला खूप गर्दी होते. मनाला छान वाटतं पण राहायला जागा मिळत नाही.

प्रतापनगरची_ताई
उपासिका ताई, आईला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, परत वाच म्हणाली.
जहाजी काका, आता तुम्हीच सांगा, एक रात्र बोट एकटी सोडली तर चालेल का?

जहाजी_कामठी
चालेल, पण नीट बांधून. आईचं काम आहे म्हटल्यावर नाही कसं म्हणू. गॉलच्या बंदरात लाटांची उसळी आत येते, बोट दिवसरात्र ओढली जाते आणि दोर जिथे घासतो तिथे झिजून तुटतो. आम्ही अशा जागी जुन्या होजपाइपचे तुकडे दोरावर चढवायचो, ते करा, दोर दुहेरी करा. तळातले सगळे व्हॉल्व्ह बंद. बिल्जपंप, म्हणजे तळात साचलेलं पाणी उपसणारा, ऑटोवर, आणि बॅटरी भरलेली आहे ना ते हात लावून तपासा, पंप ऑटोवर आणि बॅटरी उतरलेली अशी बोट मी बुडताना पाहिली आहे. शेजारी दुसरे शिडाच्या बोटीवाले असतीलच, त्यांना सांगून ठेवा, हे लोक एकमेकांची बोट घरच्यासारखी सांभाळतात.

जायचं तर तिसऱ्या दिवशी पहाटे, कार करून एक्सप्रेसवेने. ३०० किलोमीटरच्या वर आहे, सहा तास धरा. सिगिरिया त्यातच घुसवू नका.

फुटाळा_सायकलवाला
बरोबर आहे, बोटीचा विचार मी केलाच नव्हता. सिगिरिया पुढच्या वेळी. एक सुचवतो, परत येताना कोलंबोला कार सोडून गॉलपर्यंत रेल्वेने या, रूळ अगदी समुद्राला लागून आहेत, उजवीकडची खिडकी पकडायची.

धरमपेठ_डबा
शाकाहाराबद्दल कोणी बोललंच नाही. नारळाचा पोल सांबोल दिसायला शाकाहारी, पण त्यात बऱ्याचदा सुक्या माशाचा चुरा असतो, उंबलकड म्हणतात, भाजीतही पडतो. प्रत्येक ठिकाणी विचारायचंच. वरण म्हणजे परिप्पू, इडियप्पम म्हणजे तांदळाच्या शेवया, आप्पा म्हणजे आपल्या आप्प्यांसारखं नाही, वाटीच्या आकाराच्या डोशासारखं, फणसाची भाजी, एवढ्यावर मस्त निभतं. आणि रस्त्याकडेला मातीच्या मडक्यात म्हशीचं दही मिळतं, एवढं घट्ट की मडकं वाकडं केलं तरी हलत नाही, वरून किथुल ताडाचा पातळ गूळ. दहा दिवस डबाबंद खाल्लेल्या माणसाला आधी हे द्या. कवठाचं सरबतही मिळतं तिकडे.

प्रतापनगरची_ताई
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं ते असं, पहिला दिवस कागदपत्रं आणि झोप. दुसरा किल्ला, संध्याकाळी तट. तिसऱ्या दिवशी पहाटे अनुराधापूर, तिथेच मुक्काम, चौथ्या दिवशी उजाडताना परत झाडापाशी आणि मग कोलंबोहून रेल्वेने खाली. पाचवा दिवस बोटीचा आणि हवामानाचा. कँडी, सिगिरिया सोडलं. पौर्णिमा पाहिली, ते पोचतील त्याच्या आठवडाभर आधीच होऊन जाते.

तुकडे करून सहा मेसेज पाठवले. आत्ता उत्तर आलं, वारा चांगला आहे, एजंट आधीच ठरलाय, होजपाइप बोटीवर आहे. भावजयीकडे पांढरा कुर्ता आहे, भावाकडे एकच पांढरा शर्ट आणि त्याला डिझेल लागलंय. गॉलच्या बाजारात आधी शर्ट घे म्हणून कळवलं.