तिन्ही जागांसाठी एकच मॉवर घ्यायचा असल्यास
शेत, हिरवळ आणि फळबाग या तिन्हींसाठी मॉवर, म्हणजे ट्रॅक्टरला जोडायचे गवत कापणारे यंत्र, एकच घ्यायचे असल्यास रोटरी स्लॅशर (जड पाती जमिनीला समांतर फिरवून गवत तोडणारा मॉवर) पुरेसा आहे, असे मत मांडले जाते. त्याविषयी थोडी भर घालावीशी वाटते. उंच, जाड गवत आणि झुडपे तोडण्यात स्लॅशर समर्थ असतो हे खरेच, परंतु तो कापलेले गवत ओळीने टाकतो, हिरवळीवर खडबडीत काप देतो आणि त्याच्या पात्यांखालून उडालेला दगड बराच लांब जाऊ शकतो. माणसांचा वावर असलेल्या जागी हा धोका मला फार गंभीर वाटतो.

फ्लेल मॉवरमध्ये फिरणाऱ्या आडव्या दांड्याला (रोटरला) अनेक लहान पाती लोंबकळती जोडलेली असतात. ती अडथळ्याला लागून मागे वळतात, गवत बारीक करून तेथेच पसरवतात आणि छाटणीच्या बारीक फांद्यांचाही चुरा करतात. बाजूला सरकवता येणारे मॉडेल घेतल्यास ट्रॅक्टर फांद्यांबाहेर ठेवून खोडाजवळचे गवत कापता येते. मात्र तेवढ्याच रुंदीला फ्लेलला अधिक अश्वशक्ती लागते. म्हणून ट्रॅक्टरच्या इंजिनाची नव्हे, पीटीओची (जोडलेल्या यंत्राला शक्ती पुरवणाऱ्या ट्रॅक्टरच्या फिरत्या दांड्याची) शक्ती पाहावी आणि मॉवर मागच्या चाकांची बाहेरील रुंदी झाकेल एवढा तरी असावा.

गालिच्यासारखी हिरवळ हवी असेल, तर वेगळा फिनिशिंग मॉवरच (हिरवळ एकसारखी, नीट कापणारा मॉवर) घ्यावा. यंत्र कोणतेही निवडले, तरी पीटीओ शाफ्टचे (ट्रॅक्टरपासून मॉवरपर्यंत शक्ती नेणाऱ्या फिरत्या दांड्याचे) संरक्षक आवरण शाबूत असल्याशिवाय ते चालवू नये.