नेमस्पेसच्या पत्त्यावर स्कीमाची फाइल ठेवायची की नाही?

ऐरोलीची :
आपल्या सोसायटी-बिलांच्या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरबद्दल आहे. गेल्या आठवड्यात नौपाड्यातल्या एका अकाउंटंट काकांचा फोन आला. आपल्या प्रोग्रॅममधून निघालेल्या एक्सएमएल (साध्या मजकुरात डेटा ठेवणाऱ्या) फाइलच्या डोक्यावर जो नेमस्पेस असतो, म्हणजे आतली नावं कुणाची हे सांगणारी वेबपत्त्यासारखी ओळ, तो त्यांनी सरळ ब्राउझरमध्ये टाकला. पान सापडत नाही, एवढंच उत्तर आलं. "फाइलवर पत्ता तुमचा, आणि दार वाजवलं तर घर बंद," म्हणाले. खरं सांगते, मला वाईट वाटलं.

कोड आपण सगळा खुला ठेवला, पण डेटाची रचना सांगणारी एक्सएसडी फाइल, म्हणजे स्कीमा, कुठल्याशा आतल्या फोल्डरात पडून आहे. ज्याला आपलं सॉफ्टवेअर वापरायचंच नाही, फक्त आपली फाइल वाचायची आहे, त्याला ती कशी सापडणार? नुसत्या फील्डच्या नावावरून तरी काय कळतं? नॉन-ऑक्युपन्सी चार्ज (मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो तेव्हाचा) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांच्या वर घेता येत नाही, आणि ते १० टक्के काढताना महापालिकेचे कर धरायचे नसतात. सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठीची गंगाजळी) बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के. हे सगळं स्कीमातच टिपण म्हणून मराठीत लिहिता येतं. माझं मत स्पष्ट आहे. नेमस्पेस म्हणून जो पत्ता लिहितो त्याच पत्त्यावर स्कीमा ठेवावा, आणि एकदा ठेवल्यावर त्यातलं अक्षरही बदलू नये.

खाडीपूल :
माझा विरोध. नेमस्पेस हे नाव आहे, पत्ता नाही. १९९९ साली वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने नेमस्पेसचा नियम केला तेव्हापासून हे असंच आहे. पार्सर, म्हणजे एक्सएमएल वाचणारा भाग, दोन नावं अक्षर-अक्षर जुळवून बघतो, तिथे जाऊन काही आणत नाही. आणायला लागला की काय होतं ते डब्ल्यूथ्रीसीने स्वतःच भोगलंय. एचटीएमएलच्या डीटीडी फाइली, म्हणजे जुन्या धाटणीचे स्कीमे, त्यांच्या सर्व्हरवर होत्या, वर्षानुवर्षं न बदललेल्या. २००८ मध्ये त्यांनी जाहीर केलं की त्यासाठी दिवसाला १३ कोटींपर्यंत मागण्या येतात. माणसांच्या नव्हेत, प्रोग्रॅमांच्या. आपलं होस्टिंग दोघांच्या खिशातून चालतं.

आणि हे माझ्या अंगावर आलेलं आहे. महापेला एका कंपनीत होतो. सर्व्हरला बाहेरचं इंटरनेट मुद्दाम दिलेलं नव्हतं. एका रात्री नवी आवृत्ती चढवली आणि प्रोग्रॅम सुरूच होईना. स्प्रिंग हा जावाचा सांगाडा वापरत होतो. त्याचे स्कीमे जारमध्येच (जावाच्या बांधीव फाइलीत) असतात, आणि कुठला पत्ता म्हणजे आतली कुठली फाइल याची यादीही जारमध्येच असते. आम्ही सगळे जार एकात ओतले, तेव्हा एका यादीवर दुसरी यादी चढली. मग प्रोग्रॅम स्कीमा शोधायला इंटरनेटवर निघाला आणि लटकला. चूक आमची होती, स्प्रिंगची नव्हे. पण पहाटे चारपर्यंत मी तिथे होतो. आता पावसाळ्यात कळव्याच्या एखाद्या सोसायटीच्या ऑफिसात नेट गेलंय आणि बिलं तपासली जात नाहीत, असं व्हायला नको. स्कीमा डाउनलोडमध्ये द्या, वेबवर नको.

ऐरोलीची :
तुमचं उदाहरण पटलं, निष्कर्ष नाही पटला. प्रोग्रॅमने नेटवरून स्कीमा आणू नये, हे मान्य. त्यासाठी माणसालाही तो मिळू नये, हे कुठून आलं? एक्सएमएल कॅटलॉग याचसाठी आहेत. पत्ता तोच राहतो, वाचली जाते जवळची प्रत. आपल्या प्रोग्रॅममध्ये प्रत असेलच. वेबवरची प्रत त्या काकांसाठी.

उपवन :
बाहेरून आलेली एक्सएमएल वाचताना पार्सरचं फाइलबाहेरचं काहीही आणणं बंदच ठेवायला हवं. नाहीतर कोणीतरी फाइलमध्ये बाह्य एन्टिटी (दुसरी फाइल इथे ओढून आणा अशी खूण) घालून सर्व्हरवरची दुसरी फाइल वाचून नेईल. वेबवर स्कीमा असो वा नसो, हे आज करायचं काम आहे. मी ते हातात घेतो.

बेलापूरवाला :
तुम्ही दोघं रहदारीवर भांडताय, मला भीती वेगळी आहे. आपलं डोमेन उद्या कोण भरणार? आरएसएस ०.९१ या बातम्यांच्या फीडच्या जुन्या रचनेची डीटीडी नेटस्केप या जुन्या ब्राउझर कंपनीच्या साइटवर होती. २००७ च्या जानेवारीत ती तिथून गायब झाली आणि तिच्यावर विसंबलेले फीड वाचक अडले. ओरडा झाल्यावर परत ठेवली. जावाचंही बघा. स्कीमे आधी सनच्या डोमेनवर, २०१० मध्ये ओरॅकलने सन घेतल्यानंतर पुढे जेसीपी या जावाचे नियम ठरवणाऱ्या मंडळाच्या नावावर, मग जकार्ता या पुढच्या प्रकल्पावर. दरवेळी नाव बदललं आणि लोकांनी फाइली दुरुस्त केल्या. एवढ्या मोठ्यांचं हे झालं, आपलं काय? ठेवायचाच असेल तर कायमचे पत्ते देणाऱ्या डब्ल्यूथ्रीआयडीसारख्या सेवेवर नाव घ्या. फाइल गिटहब पेजेसवर राहू द्या, उद्या दुसरीकडे हलवली तरी वरचं नाव हलत नाही.

खाडीपूल :
नाव आता बदलायचं म्हणजे लोकांकडे आज ज्या फाइली आहेत त्या आपलाच प्रोग्रॅम ओळखणार नाही. एचटीटीपीचं एचटीटीपीएस केलं तरी तेच होईल. एक अक्षर वाढलं की नाव वेगळं झालं. कोणी साफसफाईच्या उत्साहात ते 'सुधारू' नका, ही हात जोडून विनंती. शिवाय सर्व्हरने एचटीटीपीवरून एचटीटीपीएसकडे वळवलं, तर जावाचं साधं कनेक्शन त्या वळणाने जातच नाही. म्हणजे जो प्रोग्रॅम चुकून नेटवर जातो तो त्याच दिवशी पडेल.

नौपाडा_हिशेब :
फोन करणारा मीच. तुमच्यातलं निम्मं मला कळत नाही, पण एक सांगू द्या. घोडबंदर रोडवरची एक सोसायटी माझ्याकडे आली तेव्हा त्यांच्या आधीच्या सॉफ्टवेअरवाल्याने धंदा बंद केलेला होता. डेटा होता, पण कुठला आकडा कशाचा हे सांगणारं कोणी नव्हतं. चार वर्षांच्या पावत्या मी आणि माझ्या मुलाने दिवाळीच्या सुट्टीत हाताने परत चढवल्या. एका आजींच्या खात्यावर थकबाकी दिसत होती. त्यांनी पैसे भरलेले होते, पावतीचं पुस्तकही जपून ठेवलेलं होतं. कमिटीसमोर त्या रडल्या. आता ठाण्यात जिथे तिथे पुनर्विकास चाललाय, जुनी येणी-देणी काढायची वेळ प्रत्येक सोसायटीवर येते. तुम्ही याला नाव म्हणा, पत्ता म्हणा. ज्याच्या पुढे एचटीटीपी लिहिलंय तिथे माणूस जाऊन बघणारच. तिथे काहीतरी असलं पाहिजे.

खाडीपूल :
काका, हे मला माहीत नव्हतं. मग माझं म्हणणं बदलून मांडतो. नेमस्पेसच्या पत्त्यावर एक्सएसडी थेट नको, मराठीत एक पान ठेवा. प्रत्येक फील्डचा अर्थ त्यावर, आणि खाली एक्सएसडीची लिंक, आवृत्तीचा आकडा पत्त्यातच. पण निर्यात होणाऱ्या फाइलमध्ये स्कीमा-लोकेशन (स्कीमा कुठे मिळेल ते सांगणारी ओळ) लिहायचं नाही. त्यावर मी हटणार नाही.

ऐरोलीची :
पान मान्य, डोमेनच्या नूतनीकरणाचा खर्च पाच वर्षांचा आत्ताच भरू. स्कीमा-लोकेशनवर मात्र माझं उलट मत आहे. ती नुसती सूचना असते, पार्सरवर सक्ती नसते. पण ती असली की काकांच्या मुलाला एडिटरमध्ये प्रत्येक फील्डचा खुलासा आपोआप दिसतो.

उपवन :
आणि ते १० टक्क्यांचं बंधन स्कीमात तपासायची आशा धरू नका. एका फील्डची दुसऱ्याशी तुलना एक्सएसडी १.१ मध्ये करता येते, तो २०१२ चा. जावा आणि डॉटनेटमध्ये मुळात जे मिळतं ते १.० वरच आहे. टिपणात लिहा, तपासणी कोडमध्ये.

नौपाडा_हिशेब :
पान लिहाल तेव्हा एक विचारतो. तुमच्या फाइलीत 'थकबाकी' आहे, ती व्याज धरून की व्याज सोडून? उपविधींत वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत सरळ व्याज आहे, दोन्हींत फार फरक पडतो. मी आजवर व्याज धरून समजत होतो.

ऐरोलीची :
काका, व्याज सोडून. व्याजाचं फील्ड वेगळं आहे, त्याच्या दोन ओळी खाली. आत्ता स्कीमा उघडून बघितला, हे त्यात कुठेच लिहिलेलं नाही. आज रात्री लिहिते. तुम्ही कुठल्या सोसायट्यांची थकबाकी व्याज धरून घेतलीत ती यादी मला पाठवाल का? रविवारी नौपाड्यात येते, एकेक करून तपासू.