तिसऱ्या भागाची बाजू

जुलमी राजवटीच्या काल्पनिक जगात घडणाऱ्या, तरुणांसाठीच्या इंग्रजी कादंबरी-मालिकांबद्दल ताई म्हणतात, "दुसऱ्या भागापासून या मालिकांत राजवट मागे पडते आणि नुसता प्रेमाचा त्रिकोण उरतो." हे मला निम्मंच पटलं. 'डिलिरियम' (२०११) घ्या. तिथे प्रेम हाच रोग ठरवलाय. १८ वर्षं पूर्ण झाली की शस्त्रक्रिया, मग सरकार ठरवेल तो जोडीदार. अशा जगात पुढच्या भागांत नायिका लीना दोन मुलांमध्ये अडकते, तेव्हा ती घालमेल हेच बंड असतं. त्रिकोण काढला तर कथेचा कणाच जाईल.

माझी भाची रावेरला असते, बारावीत आहे. मे महिन्यात तिकडे दुपारी घराबाहेर पाय ठेवता येत नाही, तेव्हा ती हीच पुस्तकं घेऊन बसते. घरात तिच्या थोरल्या बहिणीच्या स्थळांची बोलणी चालली होती. मध्येच मला म्हणाली, "मावशी, तिथे सरकार ठरवतं, इथे मामा-काका." मला उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही.

'हंगर गेम्स'मध्ये नायिका कॅटनिस आणि तिचा साथी पीटा यांना टीव्हीवर दाखवल्या जाणाऱ्या जीवघेण्या खेळात आधी कॅमेऱ्यासमोर जगण्यासाठी प्रेम दाखवावं लागतं. तिसऱ्या भागात, 'मॉकिंगजे'त (२०१०), कॅपिटल म्हणजे तिथली राजवट पीटाच्या आठवणीच विषारी करून त्याला कॅटनिसच्या जिवावर उठवते. राजवट मागे कुठे पडली? ती थेट मनात शिरली.

'डायव्हर्जंट' मालिकेच्या तिसऱ्या भागाबद्दल, 'अलीजंट'बद्दल (२०१३), मात्र ताईंशी सहमत. निवेदन नायिका ट्रिस आणि तिचा प्रियकर फोर यांच्यात वाटलंय, पण दोघांचा आवाज एकच वाटतो. कोण बोलतंय ते बघायला मला सारखी पानं मागे उलटावी लागली.