मदत हवी आहे: ६२ किलोच्या ग्रेट डेनला सोबत कोण आणू?

ढब्बूची आई:

नमस्कार मंडळी,

आमचा ढब्बू ग्रेट डेन आहे. पाच वर्षं पूर्ण, वजन ६२ किलो, नसबंदी झालेली. स्वभाव म्हणाल तर गरीब गाय. विजा कडाडल्या की सोफ्यामागे तोंड खुपसतो आणि बाकीचा सगळा देह बाहेर असला तरी आपण लपलोय अशी त्याची पक्की समजूत असते. आजवर घरात एकटाच राजा.

माझं घरून काम करणं संपलं, नवराही दिवसभर बाहेर. ढब्बू दुपारभर दाराकडे तोंड करून पडलेला कॅमेऱ्यात दिसतो. म्हणून दुसरा कुत्रा आणायचं घाटतंय, पण घरात एकमत नाही. नणंदेच्या ओळखीत पॉमेरेनियनचं पिल्लू आहे, नऊ आठवड्यांचं, ते कधीही घेऊन जा म्हणतायत. मुलाला ग्रेट डेनच हवा, तोही नर आणि पिल्लूच. आणि शेल्टरमध्ये एक मिश्र जातीची कुत्री आहे, अंदाजे तीन वर्षांची, २१ किलो, नसबंदी झालेली, एक कान मोडलेला. मला मनातून तीच आवडलीय. पण घरच्यांचं म्हणणं, एवढी मोठी झालेली कुत्री, तिच्या सवयी काय असतील कोण जाणे.

खरी भीती आता सांगते. गेल्या महिन्यात बहीण तिच्या शिह त्झूला घेऊन आली होती. दोघं छान खेळत होते. ढब्बूने पुढचे पाय जमिनीला टेकवले, ढुंगण वर केलं, मग एक पंजा टाकला. मारला नाही हो, नुसता टाकला. खाली साडेपाच किलोचं पोर. ते किंचाळून पळालं आणि ढब्बू त्याच्या मागे. तेवढ्या चार-पाच सेकंदांत मला माझाच कुत्रा ओळखू येईना. तोंड घट्ट मिटलेलं, कान पुढे, नजर एकाच जागी. मी जिवाच्या आकांताने हाक मारली, ती त्याच्यापर्यंत पोचलीच नाही. टेबलाच्या पायांत अडकला म्हणून थांबला. शिह त्झू दोन दिवस लंगडला, बाकी ठीक. बहीण हसण्यावारी नेतेय, माझी मात्र झोप उडाली.

तिघांपैकी कोण? की कोणीच नको?

खारूताई:

पॉमेरेनियन नको. बाकीचं नीट वाचून नंतर लिहिते.

जुनाजाणता:

ताई, बरीच वर्षं शेल्टरमध्ये जातोय, त्या भरवशावर लिहितो.

तुम्ही जे पाहिलंत ते भांडण नव्हतं, आणि शेवटी शेवटी खेळही नव्हता. छोटं कुत्रं किंचाळून पळायला लागलं की मोठ्याच्या अंगातला शिकारी जागा होतो. पुढे पळतोय तो आपला गडी आहे हे त्या क्षणी त्याच्या गावीही नसतं. यात ढब्बूचा स्वभाव वाईट ठरत नाही. पण एवढ्या वजनाच्या कुत्र्याने छोट्याला एकदा तोंडात धरून झटकलं की खेळ खलास, त्याला राग यायचीही गरज नाही. पॉमेरेनियन पूर्ण वाढलं तरी दोन-तीन किलोंचं. त्यांच्या पायाची हाडं इतकी नाजूक की सोफ्यावरून उडी मारतानाही मोडतात. ढब्बू नुसता कूस बदलून बसला तरी पंचाईत.

डेनचं पिल्लू: दोन नर एकत्र राहतच नाहीत असं नाही, पण नर-मादी जोडीत कटकटी सहसा कमी. (मी पाहिलेली सगळ्यात वाईट भांडणं दोन माद्यांची होती, तो विषय वेगळा.) माझा आक्षेप वयाला आहे. डेनचं पिल्लू वर्षभरात चाळीस-पन्नास किलोंचं होतं, अक्कल यायला दोन वर्षं तरी लागतात. तोवर ढब्बू सातचा. या जातीचं आयुष्यच साधारण आठ ते दहा वर्षांचं, म्हणजे सातव्या वर्षी तो म्हातारा. कंबर धरलेल्या म्हाताऱ्याच्या अंगावर रोज ते धटिंगण उड्या मारणार. उलट बाजूने पाहा: मोठ्या जातींच्या पिल्लांची हाडं पक्की व्हायला दीड-दोन वर्षं जातात, तोवर ढब्बूसोबतची धसमुसळी कुस्ती पिल्लाच्या सांध्यांना वाईट.

मोडक्या कानाच्या बाईंना एकदा भेटा. २१ किलो म्हणजे ढब्बूचा तिसरा हिस्सा, पण पंजा पडला तर ती सावरेल आणि दात दाखवून "बास" म्हणेल. ढब्बूला असं सांगणारं कुणीतरी हवंच आहे. आणि घरच्यांना सांगा, सवयी कळत नाहीत त्या पिल्लाच्या. तीन वर्षांच्या कुत्रीचा स्वभाव समोर दिसतो, शेल्टरवाल्यांना विचारताही येतो.

शेपटीवाला:

जुनाजाणता यांच्याशी अर्धाच सहमत. माझ्याकडे जर्मन शेफर्ड आणि डॅशहुंड सहा वर्षं एकत्र आहेत. पण खरं सांगायचं तर आजही घरात माणूस नसेल तेव्हा दोघं वेगळ्या खोल्यांत. डॅशहुंडची पाठ आधीच नाजूक, मणक्याची गादी सरकायला निमित्त पुरतं. तुम्हाला कुत्रा आणायचाय तोच मुळी तुम्ही नसताना सोबत म्हणून. दुपारभर दोघांना वेगळंच कोंडायचं असेल तर आणून उपयोग काय?

दुसरं, थोडं टोचेल. ढब्बू कुत्र्याची वाट बघतोय की तुमची? दाराकडे तोंड करून शांत पडलाय, की धापा टाकतो, रडतो, दार खरवडतो? माणसांवाचून कासावीस होणारा कुत्रा दुसरं कुत्रं आणल्याने सुधारतोच असं नाही. कधीकधी दोघं मिळून रडतात.

ढब्बूची आई:

टोचलं, पण बरोबर आहे. काल तीन दिवसांचं रेकॉर्डिंग पाहिलं. खरवडणं-रडणं नाही. झोपतो, उठून पाणी पितो, परत तिथेच. शेजारच्या कुत्र्याचा आवाज आला की मात्र ताडकन उठून शेपूट हलवत खिडकीशी उभा. म्हणजे कंटाळाच असावा.

पॉमेरेनियनला नकार कळवला. नणंद फुगलीय, बघू. डेनवरून मुलाशी अजून वाटाघाटी चालू आहेत.

कुत्रीशी भेट कशी घालून देऊ? थेट घरीच आणायची का?

जुनाजाणता:

घरी तर मुळीच नाही. घर ढब्बूचं. दोघांनाही परकी असेल अशी मोकळी जागा बघा. दोन माणसं, दोन पट्टे, आणि पट्टे सैल. ताणलेला पट्टा कुत्र्याला सांगतो की काहीतरी गडबड आहे. समोरासमोर आणू नका, एकाच दिशेने चालवा, मध्ये चांगलं दहा-पंधरा पावलांचं अंतर. दोघं जमीन हुंगायला लागले, एकमेकांकडे बघून नजर वळवायला लागले की अंतर कमी करत जा. मग मागून तीन सेकंद हुंगू द्या, हाक मारून पुढे चला, पुन्हा तीन सेकंद. अंग वळणदार, सैल दिसलं तर छान. अंग काठीसारखं ताठ, नजर खिळलेली, शेपूट वर उभी राहून बारीक थरथरतेय, तर भांडणाची वाट न बघता अंतर वाढवायचं.

आणि ढब्बू खेळताना स्वतःला आवरतो का ते बघा. समजूतदार मोठं कुत्रं लहानासमोर आडवं पडतं, मुद्दाम हरतं, पाठलागात पाळी बदलतं. ढब्बू सतत वरच असेल आणि ती सतत खालीच, तर खेळ थांबवा.

खारूताई:

आले परत. एक गोष्ट कुणी लिहिली नाही: जेवण. वेगवेगळ्या खोल्यांत, दार लावून, आणि भांडी लगेच उचला. भांडणासाठी तर आहेच, पण डेनसाठी आणखी एक कारण. शेजारी दुसरं कुत्रं असलं की हे बकाबका गिळतात. खोल छातीच्या मोठ्या जातींमध्ये पोट हवेने फुगून पिळा पडायचा धोका असतो, त्यात डेन सगळ्यात पुढे, आणि भराभर खाण्याने तो वाढतो. आमच्या आधीच्या डेनला झालं होतं. पोट ढोलासारखं, ओकारी येतेय पण बाहेर काही नाही, एका जागी बसवत नाही. असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका, त्याच मिनिटाला डॉक्टर. काही तासांत जीव जातो. आमचा वाचला, कारण नवऱ्याने रात्री दोनला कपडेही न बदलता गाडी काढली.

शेल्टरमधून आणलीत तर पहिले दहा-चौदा दिवस वेगळी खोली, वेगळी भांडी. लशी, जंताचं औषध, गोचिडी बघून घ्या. केनेल कफ (कुत्र्यांमध्ये एकमेकांकडून पसरणारा खोकला) लगेच दिसत नाही, काही दिवसांनी खोकायला लागतात.

ढब्बूची आई:

अपडेट. आज भेटले.

पहिली वीस मिनिटं ढब्बूने तिच्याकडे पाहिलंच नाही, आपण झाडं बघायला आलोय असा आव. ती मात्र दर चार पावलांनी तिरक्या नजरेने बघत होती. मग जवळ आले, हुंगणं झालं. ढब्बूने ढुंगण वर केलं आणि माझ्या पोटात गोळाच आला. पंजा उचलला, तिच्या खांद्यावर ठेवला. ती गर्रकन फिरली, दात दिसले, एकच "हुफ्". ढब्बू दोन पावलं मागे सरला, जमिनीवर धप्पकन बसला आणि अंग झटकलं. ती त्याच्या तोंडापाशी गेली, हुंगलं, आणि मग तिनेच पुढचे पाय टेकवले.

मुलगा परत येताना गाडीत म्हणाला, "हिचं नाव मी ठेवणार." डेनचा विषय काढला नाही त्याने, मीही काढला नाही.

शेल्टरवाले आधी महिनाभर फॉस्टर म्हणून, म्हणजे तात्पुरती, ठेवा म्हणतायत. शनिवारी आणणार. आता एकच शंका: खोलीच्या दाराला बेबी गेट लावायचंय, ते किती उंच घेऊ? बाजारातली ढब्बूच्या छातीला लागतात.

शेपटीवाला:

एकावर एक दोन लावा. आमच्याकडे तसंच आहे. आणि पहिले काही दिवस गेटवर चादर टाकून ठेवा, वास येऊ दे, तोंड दिसायची घाई नको.

खारूताई:

नाव काय ठेवलं ते मात्र लगेच सांगा!