पीठ मात्र केंद्रातूनच
काही जण म्हणतात की लिज्जत या महिलांच्या पापड संस्थेने जन्मभर पापड हा एकच माल बनवला, म्हणून ते टिकले. चवीच्या सातत्यामुळे टिकले हे मान्य, पण फक्त पापडच बनवला हे बरोबर नाही. १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरुवात केली. पुढे खाकरा, मसाले, वड्या आल्या, १९८८ मध्ये ‘ससा’ नावाचं डिटर्जंटसुद्धा. अगरबत्ती, काडेपेट्या, चामड्याचं काम हेही करून पाहिलं, ते जमलं नाही. तरी पापडाला धक्का लागला नाही, कारण पापडाची घडी कुणी विस्कटलीच नव्हती.

आमच्या चाळीतल्या एक मावशी लिज्जतचे पापड लाटायच्या. पीठ घरी मळायचं नाही, हा पहिला नियम. सकाळी लिज्जतच्या केंद्रातून तयार पीठ डब्यात मोजून आणायचं, ठरल्या मापाचेच पापड लाटायचे, वाळवून दुसऱ्या दिवशी परत न्यायचे. तिथे वजन आणि तपासणी झाली की मजुरी. नवीन माल जरूर आणा, पण आपल्या धंद्यातलं हे ‘पीठ’, म्हणजे कधीच न बदलायची गोष्ट, कोणती ते आधी ठरवा. मी लहानपणी लाटी मागायचो, तर मावशी म्हणायच्या, "नको रे, वजनात कमी भरेल."