"नवशिक्यांसाठी बेस्ट मॉनिटर" म्हणे! चार फुटी टाकी, एक बल्ब आणि हिरवं मॅट?

मातीखालचा:
कालपासून डोकं फिरलंय म्हणून लिहितोय, लांबलं तर लांबलं. मॉनिटर, म्हणजे घोरपडीच्या कुळातले मोठे सरडे, पाळण्यावरची सरपटपंतांची पोस्ट सगळ्यांनी वाचलीच असेल. "सॅव्हाना मॉनिटर नवशिक्यांसाठी बेस्ट, चार फुटी काचेची टाकी, खाली हिरवं मॅट, वर 100 वॉटचा एक बल्ब, आठवड्याला दोन उंदीर, बास. स्वभावाने शांत, नुसता पडून असतो." आणि खाली रांग लागलीये, दादा कुठे मिळेल, दादा पिल्लू हवंय.

त्यातलं "नुसता पडून असतो" वाचून माझी सटकली. माझाही नुसता पडून असायचा. मीही येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवायचो, बघा किती गरीब आहे. चौथ्या वर्षी गेला. डॉक्टरांनी उघडून दाखवलं तर लिव्हर पिवळंधमक आणि पोटात चरबीच्या गाद्या. गरीब कसला, गार पडलेला होता आणि उंदीर खाऊन फुगलेला होता, आणि मी त्याला स्वभाव समजत होतो.

हे जनावर रानात दिवसभर माती उकरत हिंडतं. रातकिडे, भुंगे, वाणी, गोगलगायी, विंचू असलं खातं. पिल्लं तर मोठ्या रातकिड्यांच्या बिळातच राहतात. त्याला तुम्ही प्लास्टिकच्या गवतावर ठेवणार? नखं अडकतात त्यात, दुसरं काही होत नाही. वाढलेला सॅव्हाना तीन ते चार फूट होतो, म्हणजे चार फुटी टाकीत त्याला धड वळताही येत नाही. 8 बाय 4 फूट जागा, निदान दोन फूट माती, बीळ टिकेल इतकी ओलसर, आणि बास्किंगच्या, म्हणजे बल्बखाली अंग शेकत बसायच्या जागेला दगडाचा पृष्ठभाग 55-60 डिग्री. हो, 55-60, टायपो नाही. तो तिथे मुक्काम करत नाही, अंग 36-37 पर्यंत तापलं की उठून जातो, म्हणून दुसरं टोक 26-28 ला पाहिजे. जाळीचं झाकण असलेल्या काचेच्या टाकीत हे जमतच नाही, ऊबही वर जाते आणि ओलही. मग बोटांवरची कात निघत नाही, ती सुकून आवळत जाते आणि बोटं झडतात, वर सततच्या कोरडेपणाने किडनी जाते ती वेगळीच.

पिल्लू वीतभर असतं म्हणून सोपं वाटतं हो. घर पिल्लाचं नाही बांधायचं, मोठ्याचं बांधायचं, आणि ते जनावर आणायच्या आधी.

सरपटपंत:
वा! आमच्या दोन ओळींच्या पोस्टवर अख्खा निबंध. साहेब, माझा सहा वर्षांचा आहे. उंदीर खातो. मॅटवर राहतो. संध्याकाळी घरभर मोकळा फिरतो आणि मी टीव्ही बघत असलो की येऊन माझ्या काखेत झोपतो. तुमचा मेला म्हणून सगळ्यांचे मरतात का? नवशिक्याला पहिल्याच दिवशी "60 डिग्री" आणि "दोन फूट माती" सांगितलं की तो पळूनच जाणार, मग हा छंद वाढायचा कसा? माझ्याकडे बास्किंगला 42 दाखवतं, जनावर ठणठणीत.

टेम्पगनवाली:
42 कशावर दाखवतं? काचेला चिकटवलेल्या त्या गोल काट्यावर ना?

सरपटपंत:
ताई, हो. थर्मामीटर तो थर्मामीटर.

टेम्पगनवाली:
हे बघा, माझा खरा राग ह्या गोल डबीवर आहे, मॉनिटर-बिनिटर नंतर. ती डबी काचेजवळच्या हवेचं तापमान सांगते, आणि तेही तिच्या मर्जीने. जनावर बसतं दगडावर. लांबून पृष्ठभागाचं तापमान मोजणारी इन्फ्रारेड गन घ्या, दगडावर मारा, मग बोला. दुसरं, तुमचा 100 वॉटचा एकच बल्ब. त्याखाली गरम पडतं ते ताटलीएवढं. त्याखाली तीन फुटी जनावर बसलं की पाठीचा एक ठिपका भाजतो आणि बाकी अंग गारच, म्हणून ते तासन् तास तिथेच बसून राहतं आणि शेवटी पाठीवर फोड येतो. कमी वॉटचे दोन-तीन हॅलोजन फ्लड (झोत पसरून टाकणारे बल्ब) ओळीने लावा, म्हणजे डोक्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत एकदम ऊब मिळते. आणि काखेत झोपतो म्हणताय, तर तुमचं अंग 37 आहे हो. घरातली सगळ्यात चांगली बास्किंगची जागा तुम्हीच निघालात.

उनाड_पाल:
😂😂 पंत, लळा नाही, हीटर!

सरपटपंत:
हसा. मी खोलीत आलो की मान वर करतो, बायको आली की करत नाही. हे काय तापमानामुळे?

उनाड_पाल:
उंदीर कोण देतं?

सरपटपंत:
मी.

उनाड_पाल:
मग झालं तर. बाकी सोफ्यावरून उठल्यावर साबणाने हात धुता ना? साल्मोनेला हा शब्द ऐकलाय? सरपटणाऱ्यांच्या अंगावरून येणारा जुलाबाचा जंतू.

भारवाहक:
इथे मी सहसा नुसता वाचतो, पण मातीखालचा यांनी जे सहज लिहून टाकलंय त्यावर कोणी बोलायलाच तयार नाही. 8 बाय 4 आणि दोन फूट माती. गणित कोणी केलंय का? 64 घनफूट, म्हणजे 1.8 घनमीटर. ओलसर मातीचा घनमीटर 1400 किलोच्या पुढेच धरा. झाले अडीच टन. पेटी, दगड, लाकूड वेगळं. जागा तीन चौरस मीटर, म्हणजे चौरस मीटरला साधारण 850 किलो. घराचा स्लॅब सहसा चौरस मीटरला 200 किलोच्या आसपास वापराचा भार धरून काढलेला असतो. आता सांगा.

तिसऱ्या_मजल्यावरून:
दादा उगाच घाबरवू नका. माझं 8 बाय 4, दीड फूट माती, तिसरा मजला, दोन वर्षं झाली. काही झालेलं नाही.

भारवाहक:
दीड फूट म्हणजे चौरस मीटरला 640 किलो. "काही झालं नाही" हे वाक्य मी कामाच्या जागी रोज ऐकतो. स्लॅब लगेच पडत नसतो. आधी वाकतो, मग हळूहळू आणखी वाकत राहतो, कारण काँक्रीटवर कायमचा भार असेल तर ते वर्षानुवर्षं दबत जातं. खालच्या मजल्यावर जाऊन छताचे फोटो काढून टाका बघू.

तिसऱ्या_मजल्यावरून:
खालच्यांशी बोलणं नाही आमचं. आणि आम्ही घरात वीस जण नाचलोय, तेव्हा नाही पडला तो स्लॅब.

भारवाहक:
वीस माणसं म्हणजे 1400 किलो, ती पसरली 12 चौरस मीटरच्या खोलीभर, म्हणजे चौरस मीटरला 120 सुद्धा नाही. आणि ती रात्री घरी गेली. तुमची माती घरी जात नाही. बोलणं नसेल तर आता सुरू करा, ते लोक त्या मातीखाली झोपतात.

तिसऱ्या_मजल्यावरून:
च्यायला, मी इथे लाइटबद्दल वाचायला आलो होतो.

मातीखालचा:
भारवाहक, मान्य. वजनाचं मी लिहायला हवं होतं. माझी नवी पेटी तळमजल्यावर थेट जमिनीवर आहे, म्हणून डोक्यातच आलं नाही. पण ह्याने मुद्दा माझाच पक्का होतो ना? ज्याला नीट ठेवायला अडीच टन माती आणि तळमजला लागतो त्याला "बिगिनर" म्हणायचं कसं?

सरपटपंत:
किंवा असं म्हणू, की तुमची पद्धतच चुकीची आहे, कारण ती कोणाच्याच घरात बसत नाही. माझं मॅट तीनशे ग्रॅमचं आहे.

भारवाहक:
मॅटच्या वजनाबद्दल माझी तक्रार नाही. 🙏

काटेरी_शेपूट:
अहो भांडताय काय, नवशिक्याने ॲकी घ्यावा ना, काटेरी शेपटीचा छोटा मॉनिटर. दोन-सव्वादोन फुटांत आटोपतो, एकट्यासाठी 4 बाय 2 ची पेटी, फूटभर माती, झुरळं-रातकिडे आनंदाने खातो, पंधरा वर्षं आरामात जगतो. यूव्हीबी (अतिनील किरणांची) ट्यूब आणि कॅल्शियम चुकवू नका, बाकी तोच खेळ छोट्या मापात.

भारवाहक:
चौरस मीटरला तरी 420 किलो होतातच, भार माती किती खोल त्यावर ठरतो. पण एकूण तीनशे-सव्वातीनशे किलो, भिंतीला लागून, खाली बीम असेल तर बोलता येईल. विचारून करा एवढंच.

मातीखालचा:
ॲकीला माझी ना नाही. फक्त "सोपा" म्हणू नका, "मावतो" म्हणा.

लांबशेपटी:
ॲकीवाल्यांनी एक ऐकून घ्या. मी पिल्लू आणलं, नर म्हणून दिलं होतं. पिल्लात नर-मादी ओळखणं भल्याभल्यांना जमत नाही. मोठी झाल्यावर मादी निघाली. नर नसला तरी मादीच्या पोटात अंडी तयार होतात हे मला माहीतच नव्हतं. पेटीत चार इंच रेती. ती आठवडाभर कोपरे उकरत होती, मी व्हिडिओ काढत होते, किती ॲक्टिव्ह म्हणून. तिला खोल, ओलसर, गरम माती हवी होती. अंडी अडकली. ऑपरेशनमध्ये गेली. त्या व्हिडिओवर अजून लोक "क्यूट" लिहितात. मी तो काढलेला नाही, बघतेच कधी कधी.

टेम्पगनवाली:
😔 ताई.

मातीखालचा:
हे पोस्टमध्ये सगळ्यात वर असायला हवं होतं, माझ्या लिव्हरच्या गोष्टीच्याही वर.

कागदपत्रे_आधी:
विषय निघालाच आहे तर, रानात सापडलेली घोरपड उचलून आणायचे बेत ज्यांच्या डोक्यात आहेत त्यांनी थांबा. सगळे मॉनिटर साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीत आहेत, बहुतेक दुसऱ्या परिशिष्टात, आणि बंगाल मॉनिटर (म्हणजे आपली घोरपडच), कोमोडोसारखे काही थेट पहिल्या, सगळ्यात कडक. आधी आपल्याकडचा कायदा बघा, मग बल्ब-बिल्ब.

उनाड_पाल:
म्हणजे निष्कर्ष काय, वकील, इंजिनीयर आणि डॉक्टर मित्र असतील तरच पाळा.

सरपटपंत:
हे बघा, मी माझं मत बदललेलं नाही. पण टेम्पगनवाली ताईंनी डोकं खाल्लं म्हणून एका मित्राची गन आणून दगडावर मारली. 36 आलं. डबीवर तेव्हाही 42 होतं. जास्त बोलू नका.

टेम्पगनवाली:
मी एक शब्द बोललेले नाही.

मातीखालचा:
पंत, दगड बल्बच्या जवळ उचला आणि एकाऐवजी 50-50 चे तीन लावा. पण एकदम नको, दर वेळी गनने बघत बघत. त्याला वजन काट्यावरही ठेवा एकदा. आणि उंदीर महिन्याला एक, बाकी किडे.

सरपटपंत:
तीन बल्ब लावतो. किड्यांचं बघू, बायको घरात झुरळं पाळू देणार नाही. उंदीर फ्रीजरमध्ये ठेवायला तिला सहा वर्षांपूर्वी कसं मनवलं ते माझं मला माहीत.